जमिनीला कान लावून: मेटल डिटेक्टर पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

मोबाइलवर असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. कानाला हेडफोन लावलेला माणूस मोकळ्या रानात एक लांब दांडा जमिनीवरून फिरवत चाललाय. मध्येच तो थबकतो, गुडघ्यांवर बसतो, मातीचं ढेकूळ फोडतो आणि त्याच्या चिमटीत सोन्याचं नाणं चमकतं. सगळं मिळून चार मिनिटं. हे पाहून दोन प्रश्न हमखास पडतात: हे खरं असतं का? आणि मलाही जमेल का?

दोन्हींचं उत्तर ‘हो’ असंच आहे. फक्त त्या चार मिनिटांच्या आधीचे कित्येक तास व्हिडिओतून कापून टाकलेले असतात. या छंदाचा सगळा गोडवा मला त्या कापलेल्या तासांमध्येच सापडला. हे यंत्र धातू शोधून हातात देत नाही. ते जमिनीला प्रश्न विचारतं आणि आलेलं उत्तर आपल्या कानात सोडतं. त्या उत्तराचा अर्थ लावणं आपल्याकडे राहतं, आणि तो लावता येऊ लागला की पायाखालची साधी मातीसुद्धा वेगळी वाटायला लागते.

मला सापडलेली पहिली जपून ठेवण्याजोगी वस्तू म्हणजे शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण. त्याआधी नऊ वेळा खणून झालं होतं: सात खिळे, एक बाटलीचं झाकण आणि चुरगळलेल्या चांदीसारख्या कागदाचा बोळा. दहाव्या वेळी आवाज निराळा होता, गोल आणि स्वच्छ. आधी नुसती माती दिसली. मग त्या मातीत एक गोलसर कडा. बोटाने हलकेच माती सारली, तर सुईचं टोक अडावं म्हणून पाडलेले बारीक खळगे ओळीने दिसू लागले. एका बाजूचे खळगे झिजून जवळजवळ सपाट झाले होते. कुणीतरी याच बाजूने वर्षानुवर्षं सुई रेटली होती. ते टोपण माझ्या करंगळीतही शिरेना. त्या दिवसापासून हे यंत्र मला सुटलेलं नाही.

हे यंत्र करतं तरी काय?

दांड्याच्या टोकाला जी चपटी थाळी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज खेळवली जाते. बहुतेक यंत्रांत हा बदल सेकंदाला काही हजार वेळा, साधारण ३,००० ते ३०,००० च्या दरम्यान होतो. तार आणि वीज एकत्र आली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि इथे ते क्षेत्रही तितक्याच वेगाने उलटसुलट होत राहतं.

हे बदलतं क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातूचा तुकडा आला, तर त्या तुकड्यात आपोआप वीज फिरू लागते, पाण्यात भोवरे उठावेत तशी. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. या भोवऱ्यांचंही स्वतःचं एक इवलंसं चुंबकीय क्षेत्र असतं. कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते टिपतं, आणि यंत्र त्याचा आवाज करून आपल्याला ऐकवतं.

मडकं फुटकं आहे की सलग, हे आपण टिचकी मारून पाहतो. टिचकी आपली असते आणि नाद मडक्याचा. इथेही तसंच. म्हणूनच साधा दगड, हाड, खापर किंवा हिरा या यंत्राला कळत नाही. त्यांच्यात वीज फिरत नाही, त्यामुळे टिचकीला नाद येत नाही.

मग खिळा कोणता आणि नाणं कोणतं, हे कसं कळतं?

घंटेवर टोला मारला की नाद बराच वेळ रेंगाळतो. पत्र्याच्या डब्यावर मारला तर नुसतं ‘ठक’ होतं आणि संपतं. धातूंमधल्या विजेच्या भोवऱ्यांचंही असंच आहे. जाड तांब्याच्या किंवा चांदीच्या नाण्यात ते रेंगाळतात, पातळ पत्र्यात चटकन विरून जातात. हे रेंगाळणं मोजून यंत्र अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं, बऱ्याच यंत्रांत तो ० ते ९९ मधला असतो. सोबत आवाजही बदलतो: लोखंडाला खर्जातला घुमका, चांदीला उंच, खणखणीत सूर. नको असलेल्या आकड्यांना गप्प बसवण्याच्या सोयीला डिस्क्रिमिनेशन म्हणतात.

इथेच नवखा माणूस फसतो. आकडा धातूचं नाव सांगत नाही. तो धातू, जाडी, आकार आणि वस्तू मातीत कशी पडली आहे या सगळ्यांची गोळाबेरीज असते. सोनं विजेला चांगलं वाहू देतं हे खरं, पण नाजूक अंगठी असते इवलीशी आणि बारीक. त्यामुळे तिचा आकडा बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या कागदाच्या किंवा डब्याच्या ओढायच्या कडीच्या आसपास येतो. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलात, तर अंगठ्याही गप्प झाल्या! उलटपक्षी, मोठं किंवा वाकडंतिकडं गंजलेलं लोखंड कधीकधी चांदीचा आव आणतं.

म्हणून सुरुवातीचे काही दिवस डिस्क्रिमिनेशन जवळजवळ बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. सगळं ऐका. खणण्याआधी मनाशी ‘हा खिळा’ किंवा ‘हे झाकण’ असा अंदाज बांधा आणि मग खणा. अंदाज चुकला की कान सुधारतो. लहान मूल भाषा शिकतं तेव्हा त्याच्यासमोर आपण निवडक शब्दच बोलतो असं थोडंच आहे? सगळं कानावर पडतं, आणि हळूहळू वेगळं होत जातं.

दहा फुटांवरचा हंडा सापडेल का?

नाही. नाण्याएवढी वस्तू सर्वसाधारण यंत्राला साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंत कळते. माती अनुकूल असेल तर थोडं जास्त, नसेल तर बरंच कमी. ‘एवढंच?’ असं वाटलं तर कारण समजून घ्या.

कॉइलपासून लांब गेलं की तिचं क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होतं. अंतर दुप्पट झालं की ते सुमारे आठपट कमी होतं. वस्तूकडून आलेलं उत्तरही परतीच्या वाटेवर तसंच आठपट क्षीण होतं. म्हणजे दुप्पट खोलीवरच्या त्याच नाण्याचं उत्तर जवळजवळ ६४ पट बारीक होऊन पोचतं. दुप्पट पैसे मोजून आणलेलं यंत्र दुप्पट खोल बघू शकत नाही, ते यामुळेच. मोठी कॉइल थोडी खोल जाते, पण शेजारी पडलेला खिळा आणि नाणं तिला वेगळे काढता येत नाहीत. कचऱ्याच्या जागी लहान कॉइल कितीतरी बरी. मोठी वस्तू, उदाहरणार्थ एखादं भांडं, अधिक खोलवरूनही कळू शकते, कारण तिच्यात भोवरे फिरायला जागा जास्त असते.

‘शंभर मीटरवरून सोनं दाखवतो’ म्हणत अँटेनावाली यंत्रं विकली जातात. वरचा हिशेब लक्षात ठेवलात तर त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. अशा यंत्रांनी निव्वळ पैसे बुडाले तर एक वेळ ठीक. ‘एडीई ६५१’ नावाचं असंच एक पोकळ यंत्र बाँब शोधतं असं सांगून इराकमध्ये विकलं गेलं आणि तिथल्या तपासणी नाक्यांवर खरोखर वापरलं गेलं. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका खेळण्यावरून ते बनवलेलं होतं. ते विकणाऱ्याला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल १० वर्षांची शिक्षा सुनावली.

रिकाम्या जमिनीवरही यंत्र का कुरकुरतं?

कारण मातीसुद्धा उत्तर देते. तांबड्या किंवा काळ्या मातीत लोहयुक्त खनिजं असतात, आणि समुद्राकाठच्या ओल्या वाळूत मीठ, जे पाण्याबरोबर विजेला वाट देतं. भरलेल्या सभागृहात कुणाची कुजबुज ऐकायची असेल तर आधी गर्दीचा गलका कानाआड करावा लागतो. तशी मातीची बडबड बाजूला काढण्याच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. साधारणपणे धातू नसलेल्या जागी कॉइल वरखाली हलवून यंत्राला ‘ही इथली माती’ असं ओळखवून द्यायचं. काही यंत्रं हे स्वतःच करतात. पण माती बदलली की पुन्हा एकदा करायला विसरू नका. मिठाच्या वाळूसाठी आणि खनिजांनी भरलेल्या जमिनीसाठी वेगळ्या जातीची, विजेचे ठोके देऊन मध्येच थांबून ऐकणारी यंत्रंही मिळतात. ती खोल जातात, पण खिळा-नाणं हा भेद त्यांना फारसा जमत नाही. पहिल्याच यंत्रासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

बेलने केलेली चूक

या यंत्राचा जन्म एका मरणासन्न माणसाच्या खाटेशी जोडलेला आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली होती आणि डॉक्टरांना ती सापडत नव्हती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी घाईघाईने धातू हुडकणारं उपकरण जुळवलं आणि ते राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. उपकरण इतरत्र नीट चालत होतं, पण इथे धड काही सांगेना. गादीखाली पोलादी तारा होत्या, हे नंतर लक्षात आलं. शिवाय मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडेच आहे, म्हणून शोध उजव्या बाजूला घेतला गेला. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले.

मला हा प्रसंग वारंवार आठवतो. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याच्या जवळपास काय आहे आणि आपण आधीच काय ठरवून बसलो आहोत, हे पाहिलं गेलं नाही. नवख्याने बुटाच्या टोकातलं पोलाद, हातातलं कडं, खिशातला मोबाइल यांचा विचार आधी करावा, आणि ‘नाणं असलं तर त्या झाडाखालीच’ हा हट्ट घरी ठेवावा.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओवर काम करताना, खनिजं असलेल्या भागात यंत्रं चुकतात हे गेरहार्ड फिशर यांच्या लक्षात आलं. त्यातून बनलेल्या त्यांच्या धातुशोधकाला १९३७ मध्ये पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे योझेफ कोसात्स्की यांनी एका सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक बनवला. १९४२ च्या, इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत तो वापरला गेला. आज छंद म्हणून आपण जे फिरवतो त्याची घडण बरीचशी तीच आहे.

पहिला दिवस: आधी टेबल, मग माती

यंत्र आणल्याबरोबर रानात पळू नका. लाकडी टेबलावर खिळा, नाणं, चांदीचा दागिना, ॲल्युमिनियमचा कागद, बाटलीचं झाकण असं एकेक ठेवा आणि कॉइल वरून फिरवा. डोळे मिटून ऐका. मग आपल्याच अंगणात यातल्या काही वस्तू वेगवेगळ्या खोलीवर पुरा, जागा वहीत टिपून ठेवा आणि पुन्हा ऐका. खिळ्याशेजारी नाणं पुरून पाहा. ही एक संध्याकाळ पुढचे कित्येक दिवस वाचवते.

चालताना कॉइल जमिनीला समांतर आणि शक्य तितकी टेकून राहायला हवी. बहुतेकांचा हात घड्याळाच्या लंबकासारखा फिरतो, आणि दोन्ही टोकांना कॉइल उचलली जाते. ६४ पटींचा हिशेब आठवला की तीन-चार बोटं उचलण्याची किंमत कळेल. फरशी पुसताना फडकं जसं जमीन सोडत नाही, तसा हात हवा. वेग सावकाश, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवलेला.

आवाज आला की कॉइल त्याच जागेवरून दोन्ही बाजूंनी फिरवा, मग काटकोनात उभं राहून पुन्हा. चारही बाजूंनी तोच सूर आला तर खणायला हरकत नाही. एका बाजूने ऐकू येऊन दुसऱ्या बाजूने गडप होणारा आवाज बहुधा गंजक्या लोखंडाचा. दोन दिशांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे वस्तू.

खणण्याचीही रीत आहे. गवताळ जागी तीन बाजूंनी कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची आणि गवताचा तो गड्डा पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटायचा. आतली माती कापडावर काढायची. पिनपॉइंटर नावाचा बोटभर जाडीचा छोटा शोधक खड्ड्यात घातला की वस्तू नेमकी कुठे आहे ते कळतं, खुरप्याचा घाव तिच्यावर बसत नाही. निघालं की माती परत, गड्डा परत, वरून हाताने दाबून टाकायचं. निघालेला कचरा खिशात. पाच पावलांवरून वळून पाहिलं तर आपण कुठे खणलं हे आपल्यालाच कळू नये.

जुनी वस्तू निघाली तर घासू नका. नुसत्या पाण्याने माती सैल होऊ द्या. जुन्या तांब्या-काशावरचा हिरवट थर तिचं रक्षण करत असतो, आणि नाण्यावरची अक्षरं पुष्कळदा त्या थरातच उरलेली असतात.

पण हे इतिहास लुटणं नाही का?

हा आक्षेप खरा आहे. चुकीच्या जागी, परवानगीशिवाय आणि गुपचूप केलं, तर ती लूटच. पुरातत्त्वज्ञांना वस्तूइतकीच तिची जागा हवी असते: ती कोणत्या थरात होती, शेजारी काय होतं. जागेवरून उचललेली वस्तू म्हणजे पुस्तकातून फाडलेलं पान, मागचापुढचा संदर्भ गेलेलं.

म्हणूनच जवळजवळ सगळीकडे याला कायदे आहेत, आणि ते देशागणिक बदलतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी बंदी आहे, आणि १९९६ च्या कायद्याखाली ‘खजिना’ ठरू शकेल अशी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधण्यासाठी यंत्र वापरायचं तर आधी सरकारी संमती हवी. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत दडलेलं, १० रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांच्या जागी खणणं गुन्हा आहे. यंत्र विकत घेण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा, जमीनमालकाकडून परवानगी शक्यतो लेखी घ्या, आणि जुन्या वास्तूंच्या, गड-किल्ल्यांच्या आसपास यंत्र नेऊच नका. गंजलेला बाँबगोळा किंवा काडतूस दिसलं तर हात न लावता मागे या आणि पोलिसांना कळवा.

नीट केलं तर काय घडू शकतं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपला मित्र, निवृत्त माळी एरिक लॉज याला यंत्र घेऊन बोलावलं. हातोडा शोधता शोधता लॉज यांना चांदीचे चमचे, दागिने आणि नाणी लागली. त्यांनी थोडंफार वर काढलं आणि तिथेच हात थांबवला. कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि उरलेलं सगळं जसं होतं तसं, थराथराने उचललं. १४,८६५ रोमन नाणी आणि सोन्याचांदीच्या सुमारे २०० वस्तू! लाकडी पेटी कुजून गेली होती, पण तिचे अवशेष जागेवर मिळाल्याने ती केवढी होती आणि काय कशाच्या वर रचलं होतं, हे सांगता आलं. शेवटची नाणी इ. स. ४०७-४०८ ची, म्हणजे पेटी पुरली ती त्यानंतरच. लॉज यांना १७.५ लाख पौंडांचं इनाम मिळालं, ते त्यांनी व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ज्याने हात थांबवला, त्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. हातात सोनं असताना ते किती अवघड असेल!

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून अशा छोट्या-मोठ्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना चालते. तिच्यात १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत, बऱ्याचशा छंद म्हणून फिरणाऱ्यांनी कळवलेल्या. कुठे वस्ती होती, कुठून वाट जात होती, याचे नकाशे त्या नोंदींवरून सुधारले जातात.

कुणाचं तरी हरवलेलं

खजिन्याची आस नसली तरी या यंत्राला रोज काम आहे. शेजारच्या काकूंची अंगठी बागेत तण काढताना निसटली होती. दोन दिवस त्या हातांनी माती चाळत होत्या. मी आधी यंत्र लावलंच नाही. त्यांना विचारलं: कुठे बसला होतात, कोणत्या हाताने उपटत होतात, तण कुठे फेकलंत? त्यांच्या दुसऱ्या अंगठीवरून कॉइल फिरवून आकडा पाहून ठेवला. मग दोऱ्या बांधून बागेचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा घेतला. त्या आकड्याच्या आसपासचं काहीही सोडलं नाही. तीन झाकणं निघाली, कागदाचे बोळे निघाले, तारेचा तुकडा निघाला.

बागेत काहीच नव्हतं. उपटलेल्या तणाच्या ढिगावर कॉइल धरली तेव्हा तो आकडा आला, चारही बाजूंनी सारखा. काकूंनी स्वतःच मुळांचा एक झुबका उचलून झटकला. दुसऱ्या झुबक्यातून मातीची गोळी खाली पडली, तिच्यातून पिवळी कड दिसत होती. त्यांनी ती गोळी फोडली नाही, तशीच मुठीत धरून नळापाशी गेल्या.